देशीयता, पाश्चात्त्य संस्कृती आणि आमचा हिशोब

दलित साहित्यावरील आक्षेपांपैकी एक आक्षेप फार जुना असूनही मरत नाही. तो असा, की हे साहित्य येथल्या मातीतून उगवलेले नाही. त्याची प्रेरणा परकी आहे. ‘दलित पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, विद्रोहाची भाषा निग्रो साहित्यावरून घेतली, समतेचे मूल्य फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतले. मग यात तुमचे स्वतःचे असे काय? १९७२ नंतरच्या वर्षांत हा प्रश्न कुत्सितपणे विचारला जाई. आज तो अधिक सभ्य शब्दांत विचारला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘वसाहतवादी मानसिकता’ आणि ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ हे शब्द अभ्यासक्रमांत आणि परिसंवादांच्या निमंत्रणपत्रिकांत रुळले आहेत. त्यांच्या आडून आमच्याकडे पुन्हा तोच हिशोब मागितला जातो. असल्याच एका परिसंवादात एका विद्वान वक्त्यांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेऊन विचारले, “तुम्ही लोक इंग्रजांवर कधी टीका का करीत नाही हो?” ‘तुम्ही लोक’ या दोन शब्दांत त्यांची सगळी देशीयता आली होती.

हा प्रश्न खानदेशातून विचारात घेण्याला कारण आहे. पाश्चात्त्य संस्कृतीच्या वर्चस्वाविरुद्ध वैचारिक पातळीवर उभ्या राहिलेल्या दोन मोठ्या भूमिकांचा या भूमीशी संबंध आहे. अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्यातून १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. तेथे १९३३ ते १९३५ या काळात कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक होते. ‘विचारांतील स्वराज्य’ हे त्यांचे गाजलेले व्याख्यान. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५४ साली प्रसिद्ध झाले. दुसरी भूमिका यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाची. पहिली तत्त्वज्ञानाच्या अंगाने आली, दुसरी साहित्याच्या. दोन्ही भूमिका गंभीर आहेत, त्यांना थट्टेवारी नेता येणार नाही. परंतु दोन्हींमध्ये ‘आपले’ आणि ‘परके’ या शब्दांचा जो अर्थ गृहीत धरला आहे, तो गावकुसाच्या आतल्या माणसाचा आहे. आमचा वाद नेमका याच गृहीताशी आहे.

आधी ही ‘पाश्चात्त्य संस्कृती’ म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे तिच्याविषयी बोलणारे, मग ते भक्त असोत की निंदक, ती एकच एक आणि अखंड वस्तू असल्यासारखे बोलतात. ग्रीस, रोम, ख्रिस्ती धर्म, प्रबोधन, विज्ञान, यंत्र, लोकशाही अशी सरळ शिडी मांडली की त्यांचे काम भागते. प्रत्यक्षात या शिडीच्या पहिल्याच पायरीवर गुलाम उभा आहे. अ‍ॅरिस्टॉटलने काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे सांगितले आणि गुलामाला जिवंत हत्यार म्हटले. प्लेटोने आदर्श राज्यातल्या लोकांना सोने, रुपे आणि लोखंड-पितळ अशा धातूंचे ठरवले. पुरुषसूक्तात जे अवयवांनी साधले ते त्याने धातूंनी साधले. हे साम्य माझ्या डोक्यातून निघालेले नाही. ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या न झालेल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी चातुर्वर्ण्याची चिकित्सा करताना प्लेटोचाच दाखला घेतला आहे. अमर्याद भिन्नता असलेल्या माणसांना तीन-चार खणांत कोंबणे ही प्लेटोचीही चूक आणि चातुर्वर्ण्याचीही चूक, असा त्यांचा मुद्दा आहे. बाबासाहेब पाश्चात्त्य संस्कृतीचे आंधळे उपासक होते असे म्हणणाऱ्यांनी हे पान उघडून वाचावे. तिच्या मुळाशी असलेल्या तत्त्ववेत्त्यालाच त्यांनी मनूच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

आणि मनूचे म्हणाल, तर पश्चिमेने त्याला झिडकारलेले नाही. सर विल्यम जोन्स यांनी मनुस्मृतीचे इंग्रजी भाषांतर केले, ते १७९४ साली प्रसिद्ध झाले. ते कंपनीच्या न्यायालयांना हिंदूंचा कायदा कळावा म्हणून. ज्या ग्रंथाचा अंमल प्रदेशाप्रदेशाने आणि रूढीरूढीने कमीजास्त होत असे, त्याला छापील कायद्याची प्रतिष्ठा साहेबाने दिली. पुढे नीत्शेने मनूची तोंडभरून स्तुती केली. तेव्हा २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याच्या प्रतिष्ठेत पश्चिमेचाही वाटा होता. देशी ब्राह्मण्य आणि परकी साम्राज्यशाही यांचे भांडण होते हे खरे. पण ती एकमेकांची भाषा चांगली जाणत होती, हेही तितकेच खरे.

उलट, ज्याला आपण ‘त्यांचे’ म्हणतो त्यातले बरेचसे त्यांचे नाही. शून्य आणि दशमान अंक भारतातून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपात गेले. इटलीतल्या पिसाच्या फिबोनाचीने या अंकांनी हिशोब कसा करावा याचा ग्रंथ १२०२ साली लिहिला. आणि १२०७ साली आमच्या चाळीसगावजवळ, पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याचा शिलालेख कोरला गेला. हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. पाच वर्षांचे अंतर! खानदेशचा अभिमान बाळगणारे येथे थांबतात आणि छाती फुगवतात. मला पुढचा प्रश्न पडतो. या लेखाचा काही भाग मराठीत आहे, आणि मठाला काय काय दान द्यायचे ते त्यात सांगितले आहे. त्यात तेलाच्या घाण्यांवरचा हिस्साही आहे. म्हणजे मठातला दिवा तेल्याच्या तेलावर जळत होता. त्या दिव्याच्या उजेडात तेल्याचा मुलगा लीलावती शिकला असेल काय? महाराच्या मुलाचा प्रश्न विचारण्याचेही कारण नाही. तिकडे तेच अंक व्यापाऱ्याच्या वहीत शिरले, पुढे छापखान्यातून कारागिराच्या घरी गेले. इकडे ज्ञान एका घराण्याच्या आणि एका मठाच्या भिंतींत राहिले, आणि मठ पडल्यावर जंगलातल्या दगडावर शिल्लक उरले. ‘भारतीय ज्ञानपरंपरा’ शिकवायची असेल तर अवश्य शिकवावी. परंतु हा अर्धा भाग वगळून शिकवू नये.

आता पश्चिम खानदेशात आली कशी, ते पाहू. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला येऊन बसला. त्याने धुळे वसवले, पेठ वाढवली, याचे गुणगान पुष्कळ झाले आहे. सातपुड्यातल्या भिल्लांशी मात्र नव्या संस्कृतीने आधी बंदुकीने बोलून पाहिले. ते जमेना तेव्हा १८२५ मध्ये आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली आणि भिल्लाला भिल्लावर घातले. धरणगावला तिचे ठाणे होते. १८५२ मध्ये जमीन मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल या भागात शेतकरी उठले. १८५८ च्या एप्रिलमध्ये आंबापाणीच्या लढाईत खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांना इंग्रजी फौजेने कापून काढले. ही त्या ‘सुधारणे’ची जमाखर्चाची वही आहे आणि तिच्यात पहिले नाव आदिवासींचे आहे. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्यातले काही लेखक इंग्रजी राज्याची स्तुती करताना सातपुडा विसरतात. भीमा कोरेगावचा स्तंभ आठवायचा आणि आंबापाणी आठवायचे नाही, ही अर्धी स्मृती झाली.

यानंतर आला कापूस. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि साहेबाचे डोळे खानदेशच्या काळ्या जमिनीकडे वळले. हिंगणघाटी बियाणे आणवले गेले, कापसातल्या भेसळीविरुद्ध १८६३ मध्ये मुंबई सरकारने कायदा केला, जळगाव-भुसावळकडे आगगाडी आली. एक आडबाजूचे गाव असलेले जळगाव कापसाची पेठ झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले, आणि चढ्या भावावर कर्ज काढलेला कुणबी सावकाराच्या वहीत अडकला. हा इतिहास अर्थशास्त्राच्या पुस्तकांत असतो, साहित्याच्या समीक्षेत येत नाही. मला मात्र तो साहित्याच्या समीक्षेला अत्यंत आवश्यक वाटतो. मिसिसिपीच्या काठावर कापूस वेचणारी काळी बाई आणि तापीच्या काठावर कापूस वेचणारी माझी पणजी, या दोघींना एका बाजाराने एका दोरीत बांधले होते. दोघींनाही ते ठाऊक नव्हते. ‘काळ्या साहित्याशी तुमचा काय संबंध?’ असे विचारणाऱ्यांना मी प्रथम कापसाचे हे बोंड दाखवतो. हा संबंध पँथरने १९७२ मध्ये जोडलेला नाही. तो १८६१ मध्येच जोडला गेला होता. पँथरने त्याला नाव दिले.

आमच्या घरातली आठवण सांगायची तर आजोबा जिनात होते. हंगामात पहाटेपासून सरकी आणि रुई. जेवायला बसताना त्यांचे भुवयांवरचे केससुद्धा पांढरे झालेले असत, असे आजी सांगे. यंत्र इंग्रजी, मालक गुजराती, मुकादम मराठा, आणि रुईची धूळ छातीत घेणारे आमचे. कोणाला पाश्चात्त्य संस्कृतीचा प्रभाव शेक्सपिअरमधून कळला, कोणाला मिलमधून. आमच्या घरात तो खोकल्यातून आला.

त्या यंत्राने जात मोडेल असे मोठमोठ्यांना वाटले होते. कार्ल मार्क्सने १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात लिहिले, की आगगाडीमागून येणारा आधुनिक उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील आणि जातिसंस्थेचा पाया उखडील. आगगाडी आली. भुसावळ हे तिचे मोठे ठाणे झाले. आणि फलाटावर ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ अशा पाट्या लागल्या. पाणी पाजायला ब्राह्मण ठेवले गेले. आमचा माणूस रूळ उचलायला, कोळसा ओढायला आणि संडास झाडायला होता. मुंबईच्या गिरण्यांत तर विणखात्याचा दरवाजाच अस्पृश्यांना बंद होता, कारण धाग्याला तोंडाची ओल लावावी लागे. हा भेद डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला होता. जात डब्यात चढली, तिकीट काढून बसली आणि पुढच्या स्टेशनवर उतरून नोकरीलाही लागली. मार्क्सचे चुकले ते इतकेच, की त्याने यंत्राची ताकद मोजली, पण पाण्याच्या पेल्याची ताकद मोजली नाही.

सरकारनेही जात मोडण्याचा पत्कर कधी घेतला नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा एका मुलासाठी बाकीच्यांच्या भावना दुखवता येत नाहीत, असे म्हणून सरकारने त्याला बाहेरच ठेवले. ज्या महारांच्या पलटणींनी राज्य मिळवून दिले, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद झाली, ती ‘लढाऊ जाती’ या नव्या शास्त्राच्या नावाखाली. ही कल्पना मनूकडून आली नव्हती. ती युरोपातल्या वंशवादातून आली होती आणि येथल्या उच्चवर्णीयांना ती आपल्या घरची वाटली. तेव्हा इंग्रज आमचे उद्धारकर्ते होते, हे विधान मी नाकारतो. आमच्या परिसंवादातल्या विद्वान मित्रांना हे उत्तर पुरे व्हावे.

मग पश्चिमेकडून आम्हांला मिळाले काय? येथे जोतीराव फुल्यांकडे वळले पाहिजे. तरुण वयात, १८४७ च्या सुमारास, त्यांनी टॉमस पेनचे ‘मनुष्याचे हक्क’ वाचले. हा पेन इंग्लंडमध्ये राजद्रोही ठरला होता, त्याला परागंदा व्हावे लागले होते. अंमलदार ज्या पश्चिमेचा प्रतिनिधी म्हणून पुण्यात बसला होता, त्या पश्चिमेला पेन नकोसा झालेला होता. जोतीरावांनी गव्हर्नराचा इंग्लंड घेतला नाही, हद्दपार झालेल्या माणसाचा इंग्लंड घेतला. आणि १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी ती गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. लक्षात घ्या, हे तेच युद्ध आहे. जळगावच्या पेठेत त्या युद्धाची बातमी खंडीच्या भावातून आली, आणि पुण्यात जोतीरावांना ती माणसाच्या मुक्तीची बातमी म्हणून ऐकू आली. तार एकच, पण ऐकणारे कान दोन. पाश्चात्त्य प्रभावाची समीक्षा करायची तर कोण ऐकत होते आणि काय ऐकत होते, हे विचारल्याशिवाय ती करता येणार नाही. पश्चिमेत मालकाची एक परंपरा आहे आणि मालकाविरुद्ध उठलेल्यांची एक परंपरा आहे. अ‍ॅरिस्टॉटलपासून लढाऊ जातींपर्यंतची पहिली परंपरा येथल्या प्रस्थापितांनी सहज पचवली. आम्ही दुसरी घेतली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, ते याच दुसऱ्या परंपरेच्या पत्त्यावर.

आता देशीवादाकडे येतो. नेमाड्यांविषयी मला आदर आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. मराठी लेखकांनी इंग्रजी कादंबऱ्यांच्या उष्ट्यावर किती दिवस काढावेत, हा त्यांचा सवाल योग्य होता. मध्यमवर्गीय साहित्याच्या पोकळ आधुनिकतेवर त्यांनी जे प्रहार केले, त्यांनी आमच्यासाठीही थोडी वाट मोकळी झाली. महानुभाव, तुकाराम, फुले यांना ते देशी परंपरेच्या केंद्रस्थानी ठेवतात, हेही मान्य. बाहेरून आलेल्या गोष्टीचे देशीकरण होऊ शकते, हेही ते मानतात. स्वतः इंग्रजीचे अध्यापन त्यांनी केले, लंडनलाही शिकवले, इंग्रजीचा मराठीवरील प्रभाव हा तर त्यांच्या संशोधनाचा विषय. म्हणजे त्यांचा देशीवाद अडाणी नव्हे. त्यांच्या नावाने आज जे बोलले जाते त्याची जबाबदारीही त्यांच्यावर टाकता येणार नाही.

परंतु एक गोष्ट पाहावी. १९६३ या एकाच वर्षी दोन पुस्तके आली. एक ‘कोसला’, दुसरे बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’. ‘कोसला’ वाचताना अनेकांना सॅलिंजरच्या अमेरिकन कादंबरीची आठवण झाली, तशी चर्चा झाली, अस्तित्ववादाचेही नाव निघाले. पण त्यामुळे ‘कोसला’चे देशीपण कोणी हिरावून घेतले नाही, आणि घेऊही नये. सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो, तेथे त्याचे काही जमत नाही, तो परत गावी येतो. कादंबरीला परतण्यासाठी गाव आहे. बापाशी भांडायचे असले तरी बापाचे घर आहे, शेत आहे, ओटा आहे. बागुलांच्या कथेतला तरुण गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि त्याला राहायला खोली मिळवण्यासाठी जात लपवावी लागते. त्याला परतायला कोठले गाव आहे? ज्या गावात परतायचे तेथूनच तर तो निसटला आहे. पहिल्याच्या दृष्टीने परकेपणा शहरात आहे, आधुनिकतेत आहे. दुसऱ्याच्या दृष्टीने परकेपणा गावातच सुरू होतो, विहिरीपासून सुरू होतो. देशीयतेची व्याख्या ‘भूमीशी नाते’ अशी केली, की सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याचे नाते आपोआप घट्ट ठरते आणि ज्याच्या वाट्याला वतनी चाकरी होती त्याचे नाते पातळ ठरते. देशीवादाच्या मांडणीत मला सतत जाणवणारी उणीव ही आहे. ‘कोसला’वर अमेरिकन पुस्तकाची सावली पडली तर तो व्यापक वाचनाचा पुरावा, आणि दलित कवितेवर पडली तर ते उसनवारीचे लक्षण, हा दुटप्पी न्याय याच उणिवेतून जन्मतो.

भट्टाचार्यांची मांडणी अधिक सूक्ष्म आहे. ते म्हणतात त्याचा आशय असा, की परक्या संस्कृतीच्या कल्पना आपल्या परंपरागत मनाशी तुलना न होताच, संघर्ष न होताच, आपल्यात शिरतात आणि भुतासारख्या मानगुटीवर बसतात. हे खरे दास्य. चिकित्सेशिवाय स्वीकार नको, हे त्यांचे म्हणणे मला सोळा आणे पटते. फक्त हाच नियम दुसऱ्या बाजूलाही लावावा. परंपरागत मन तरी आमच्या मानगुटीवर तुलना करून बसले होते काय? आम्हांला विचारून बसले होते काय? अमळनेरच्या त्या वास्तूत शंकराचार्य आणि कांट यांची तुलना वर्षानुवर्षे झाली. अद्वैतावर उत्तम ग्रंथ झाले. सर्व आत्मे एक आहेत हे सिद्ध होत असताना त्याच अमळनेरात पाणवठे किती होते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या कक्षेत आला नाही. साने गुरुजी त्याच वातावरणातून बाहेर पडले, शाळामास्तर झाले, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाची कहाणी मराठीत आणली, आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या दारात अस्पृश्यांसाठी उपोषणाला बसले. त्यांच्या भारतीय संस्कृतीच्या गोड चित्राशी माझे पुष्कळ मतभेद आहेत. पण विचार आणि पाणवठा यांच्यातले अंतर त्यांना बोचत होते, एवढे तरी म्हणावेच लागेल.

विचारांतील स्वराज्य म्हणजे काय हे पाहायचे असेल तर मी बाबासाहेबांचे उदाहरण देईन. कोलंबियात जॉन ड्यूई त्यांचे गुरू. ‘जातिनिर्मूलन’मध्ये ड्यूईचे ऋण ते नाव घेऊन मान्य करतात. लपवाछपवी नाही. आणि हाच माणूस ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर सांगतो, की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे मी फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसनी घेतलेली नाहीत, ती माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला यात भट्टाचार्यांना हवी असलेली तुलना प्रत्यक्ष घडलेली दिसते. पश्चिमेचे विचार घेतले, येथल्या परंपरेच्या दगडावर घासले, आणि त्या घासण्यातून येथलीच दडपलेली दुसरी परंपरा उजळून निघाली.

ती परंपरा दडपलेली होती याला साक्ष आमच्या दाराशी आहे. जळगावहून अजिंठा काही तासांच्या वाटेवर. शतकानुशतके ती लेणी रानात होती. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे पोचला आणि जगाला त्यांचा पत्ता लागला. भोवतालच्या गावच्या लोकांना लेणी ठाऊक नव्हती असे नाही. त्यांना ठाऊक नव्हते ते एवढेच, की भिंतीवरचा तो माणूस कोण. १८३७ मध्ये प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी वाचली आणि अशोक बोलू लागला. पाली ग्रंथ छापण्यासाठी लंडनला १८८१ मध्ये संस्था निघाली. आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले मराठी बुद्धचरित्र मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हातात दिले. आता सांगा, १९५६ मध्ये आम्हांला परत मिळालेला बुद्ध देशी की पाश्चात्त्य? जन्माने देशी, हे उघड आहे. मग त्याला देशोधडीला कोणी लावले होते? आणि तो परत येताना परक्यांच्या छापखान्यातून का यावा लागला? देशीवाद्यांनी या प्रश्नाचा अभ्यास करावा अशी माझी विनंती आहे. हा आमच्या एकट्याचा प्रश्न नाही.

छापखान्यावरून आठवले. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, पण जळगावच्या छापखान्याचे कौतुक त्यांनी ओवीबद्ध केले आहे. साहेबाच्या यंत्राकडे पाहताना ना न्यूनगंड, ना द्वेष. देशीपण शिकायचे तर मी तेथे शिकेन. राजवाड्यांकडेही, एका मर्यादेत. धुळ्यात १९२६ च्या अखेरीस देह ठेवणारा हा माणूस इंग्रजीत लिहायला तयार नव्हता. पण जुने कागद जमवून, तपासून, पुराव्यानिशी इतिहास लिहावा ही शिस्त एकोणिसाव्या शतकातल्या युरोपने घडवली होती, आणि राजवाड्यांनी ती जिद्दीने राबवली. त्यांचे वर्णाभिमानी निष्कर्ष आम्ही टाकून देऊ, कागद जपण्याची रीत घेऊ. आमच्या वस्त्यांतले कागद, सभांची पत्रके, जलशांच्या वह्या कोणी जमवल्या आहेत? धुळ्यातल्या सभांची, भुसावळच्या रेल्वे कामगारांची, जिनातल्या बायांची साधने कोठे आहेत?

इथे आपल्या लोकांविषयीही बोलले पाहिजे. एम. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी त्यांनी आमची ओळख करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर पुस्तक लिहिले. ते वाचून एक पिढी लिहिती झाली. ती भेट खरी होती, कारण तीत स्वतःच्या जखमेची ओळख होती. पुढे मात्र आमच्यातल्या काही समीक्षकांना पाश्चात्त्य नावांची चटक लागली. कवितेच्या चार ओळींवर फ्रान्समधली तीन नावे. कवितासंग्रह शिंदखेड्याच्या पोराचा, आणि परीक्षण वाचून वाटते की तो पॅरिसला वाढला. फुल्यांनी पेन वाचला तो आपल्या शेतकऱ्याचा आसूड हाती घेण्यासाठी. आम्ही नावे घेतो ती विद्यापीठातल्या बढतीसाठी. भट्टाचार्यांचे भूत ते हेच, आणि ते आमच्याही मानगुटीवर बसले आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. खानदेशातला आमचा माणूस घरात अहिराणी बोलतो. सातपुड्यात भिल्ली आणि पावरी आहे. दलित साहित्याने प्रमाण मराठीची मक्तेदारी मोडली असे आपण अभिमानाने सांगतो, पण खानदेशातल्या किती दलित आत्मकथनांत अहिराणी आईच्या तोंडच्या दोन-चार वाक्यांपलीकडे जाते? निवेदन प्रमाण मराठीत, संवाद अहिराणीत, आणि विचार पुन्हा प्रमाण मराठीत. म्हणजे आई रडते अहिराणीत, आणि मुलगा विचार करतो पुण्याच्या भाषेत. ही विभागणी लादणारे पाश्चात्त्य नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले आणि त्याच गावात विद्रोही संमेलनही भरले. दोन्ही मांडवांतून मी फिरलो. पहिल्या मांडवात इंग्रजीच्या आक्रमणाची काळजी होती, दुसऱ्यात संस्कृतीच्या आक्रमणाची. दुसऱ्या मांडवातली काळजी मला माझी वाटली. अहिराणीतून वैचारिक लेख लिहिला जाईल काय, याची चर्चा मात्र मांडवाबाहेर, भजीच्या गाडीवर चालली होती. एक नंदुरबारकडचा तरुण अहिराणीतून आंबेडकरांवर बोलत होता, ‘समता’ला तो काय म्हणतो ते मी विचारले, तर म्हणाला, “समताच म्हनतस. पन माय म्हने, एकच माठनं पानी.”

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब एका खटल्याच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि त्या बंगल्यात राहिले होते. बंगला इंग्रजी अमदानीतला, खटला इंग्रजी कायद्याखालचा, आणि वकील महू छावणीत जन्मलेला, न्यूयॉर्क-लंडनला शिकलेला. दरवर्षी त्या तारखेला पावसापाण्यात खेड्यापाड्यांतून बाया-माणसे तेथे जातात, भाकरी बांधून नेतात, गाणी म्हणतात. त्या गाण्यांत कोलंबिया आहे, कायदा आहे, बुद्ध आहे, आणि चाल जात्यावरची आहे. ही गाणी वहीत उतरवण्याचे काम अजून व्हायचे आहे. देशीवादी मित्रांपैकी कोणी येणार असेल तर पुढच्या ३१ जुलैला मी त्यांना घेऊन जाईन.